तळमजल्याखाली कुणी नाही

बाई सकाळी कुणाशी बोलत नसत. उठल्यापासून दुपारी बारा वाजेपर्यंत मौन, हे त्यांचं रोजचं व्रत होतं आणि त्याला सोळा वर्षं झाली होती. अलीकडे मात्र ते व्रत आहे की नुसती परिस्थिती, हे बाहेरच्या माणसाला सांगता आलं नसतं, कारण घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतंच. धाकटी जाऊ दूर राहायची. ती रोज सव्वाबाराला फोन करायची आणि तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, की ताई, सुटलात का तुरुंगातून. बाई हसायच्या. त्या घरातला दिवसाचा पहिला आवाज म्हणजे ते हसणं.

व्रत सुरू झालं ते यजमानांच्या आजारपणात. ते कॉलेजात गणित शिकवायचे. तीस वर्षं वर्गात बोललेला माणूस, आणि घशाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की आता रोज अर्धा दिवस घशाला पूर्ण विश्रांती हवी, बारापर्यंत एक शब्द नको. ते पलंगावर पाटी घेऊन बसायचे. पाणी हवं असलं तरी लिहायचे. पहिल्याच दिवशी त्यांचा चेहरा बघून बाईंना राहवलं नाही. संध्याकाळी दिव्यापुढे हात जोडून त्यांनी ठरवून टाकलं, की हे गप्प असतील तोवर आपणही गप्प. निदान गप्प बसण्यात तरी ते एकटे नसतील. त्यानंतर दहा वर्षं दोघं सकाळभर एका घरात न बोलता वावरले आणि बाराच्या ठोक्याला एकदम बोलायला लागायचे. यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली. व्रत सोडा असं कुणी म्हटलं नाही, आणि बाईंनाही ते सोडवलं नाही.

दुसरं व्रत वह्यांचं. बाई पहिल्या व्रताआधीच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या; पुढे त्या यजमानांच्या टिपणांवरून त्यांचा विषय शिकल्या, आणि एका केंद्रासाठी घरबसल्या वह्या तपासू लागल्या. नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी टपालाने चालणारा अभ्यासक्रम होता. ज्यांना संगणकाचं शास्त्र शिकायचं असे, त्यांना आधी हा विषय पार करावा लागे: डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स. संच, तर्क, मोजणी, ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. संगणकाला अधलंमधलं काही कळत नाही, एक तर हो नाहीतर नाही, आणि त्या हो-नाहीच्या मुळाशी जे गणित आहे ते हे, असं यजमान सांगायचे. दर सोमवारी गठ्ठेवाला वह्यांचा गठ्ठा आणून द्यायचा आणि तपासलेला घेऊन जायचा. रोज वीस वह्या तपासून झाल्याशिवाय बाई जेवत नसत.

त्यांचं तांबडं पेन एका शब्दासाठी प्रसिद्ध होतं. विषयात विगमन नावाची एक पद्धत आहे. इमारत ठीक आहे हे दाखवायचं असेल तर दोन गोष्टी दाखवायच्या: एक, तळमजला ठीक आहे. दोन, कुठलाही मजला ठीक असेल तर त्याच्या वरचाही ठीक असतो. एवढं झालं की इमारत कितीही उंच असो, प्रत्येक मजल्यावर जाऊन बघावं लागत नाही. शिकणारे दुसरी गोष्ट मोठ्या हौसेने करतात आणि पहिली विसरतात. हवेत मजले चढवतात. मग बाई समासात लिहायच्या, ‘पाया?’ आणि दोन गुण कापायच्या. शेकडो वह्यांवर त्यांनी ‘पाया?’ लिहिलं होतं. त्यात चूक काही नव्हती. पायाशिवाय काही उभं राहत नाही, हे त्या नुसतं मानत नसत, जगत होत्या.

विद्यार्थ्यांची नावं तपासनिसाला कळत नसत. वहीवर फक्त क्रमांक असे. पण पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकाने हा विषय का घेतला ते चार ओळींत लिहायचं, अशी पद्धत होती. बहुतेकजण बढती, नोकरी, आवड असं काहीतरी लिहीत. सत्तेचाळीस क्रमांकाने लिहिलं होतं: ‘मी लिफ्ट दुरुस्त करते. दोर, चाकं, दारं मला कळतात. आता लिफ्टच्या पेटीत प्रोग्रॅम असतो. तो बिघडला की मला बाहेर उभं करतात आणि दुसरा माणूस येतो. मला बाहेर उभं राहायचं नाही.’

त्या पानाच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा ग्रीसचा डाग होता. बाईंनी तो बोटाने चाचपून पाहिला होता.

सत्तेचाळीसची पहिली वही वाईटच होती, पंचवीसपैकी सहा गुण. दुसरी नऊची. रिकाम्या संचाचा प्रश्न तिने पुरता चुकवला होता. त्यावर बाईंनी समास भरून लिहिलं होतं, की आत कुणीच नसेल अशा जागेबद्दल ‘सगळे’ म्हणून काहीही म्हटलं तरी ते खरं ठरतं, कारण ते खोटं पाडायला आत कुणी नसतं. हे लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली तेव्हा पलीकडच्या खोलीचं दार उघडं दिसलं. त्या खोलीतली सगळी माणसं सुखात आहेत, असं त्यांच्या मनात आलं. त्या खोलीतल्या सगळ्यांना शांत झोप लागते. त्या खोलीत कुणालाच काही दुखत नाही. तर्काने तिन्ही वाक्यं खरी होती. त्यांनी उठून दार ओढून घेतलं.

तिसऱ्या वहीपासून सत्तेचाळीसचा सूर बदलला. ती आकड्यांऐवजी मजले लिहायला लागली. उत्तरं कच्ची असायची, पण स्वतःची असायची. बाई गठ्ठा आला की तिची वही शोधून काढायच्या आणि मुद्दाम त्या दिवसाच्या विसांत शेवटी ठेवायच्या, जेवणाआधीची शेवटची. लहान मूल ताटातला आवडता घास मागे ठेवतं तसं.

चौथी वही आली त्या दिवशी बाईंचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. एकेका वहीला दुप्पट वेळ लागला. विसावी हातात आली तेव्हा तीन वाजून गेले होते, पोटात काही नव्हतं, डोळ्यांपुढे अक्षरं हलत होती. त्यांनी सत्तेचाळीसचं विगमनाचं उत्तर उघडलं, पायाची पायरी कुठे आहे ते वरपासून खालपर्यंत नजर फिरवून बघितलं, ती नव्हती, म्हणून समासात लिहिलं ‘पाया?’. दोन गुण गेले. बाकीचं धरून तेरा. वही मिटली, हात धुतले आणि जेवायला बसल्या. व्रत पार पडलं होतं.

याला तीन आठवडे झाले. बुधवारी संध्याकाळी गठ्ठेवाल्याने वेगळं पाकीट आणून दिलं. त्यात विद्यार्थ्यांच्या शंकांचे कागद होते. प्रत्येकाला सत्रात एकदा, एकच पान, शंका विचारता येई. बाईंनी ते सकाळसाठी ठेवून दिलं.

गुरुवारी आंघोळ झाली, दिवा झाला, मनातल्या मनात जप झाला. पावणेदहाला त्यांनी पाकीट उघडलं. तिसराच कागद सत्तेचाळीसचा होता.

‘तपासनिसांना नमस्कार. चौथ्या वहीत विगमनाचे दोन गुण गेले. चारी वह्यांचे मिळून एकोणचाळीस झाले. परीक्षेला बसायला चाळीस लागतात. ही माझी तिसरी नोंदणी आहे, चौथी देत नाहीत. गुरुवारी बाराला यादी बंद होते, त्यात मी नसेन. तक्रार करत नाही. तुम्ही बरोबरच असाल. फक्त कळून घ्यायचं आहे, नाहीतर ते डोक्यात अडकून राहील. माझं उत्तर खाली परत लिहिते. मी म्हटलं होतं की कुठलीही संख्या घ्या, आणि तिच्याखालच्या सगळ्या ठीक आहेत असं माना, मग तीही ठीक ठरते. तळमजल्याखाली कुणी नाही. तुम्हीच दुसऱ्या वहीत लिहिलं होतं, कुणीच नसेल तिथे सगळे ठीकच असतात. मग तिथे मी वेगळं काय सिद्ध करायला हवं होतं?’

बाईंना आधी थोडा रागच आला. पायाला काय पर्याय असतो. असं कारण देणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्यांनी सवयीने तांबडं पेन उचललं आणि उत्तर लिहायला सुरुवात करण्यापूर्वी, निदान या वेळी तरी, खाली लिहिलेलं सगळं वाचायचं ठरवलं.

प्रश्न सरळ होता. दोनपासून पुढची प्रत्येक संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते, हे सिद्ध करायचं होतं. मूळ संख्या म्हणजे जिचे आणखी तुकडे पडत नाहीत ती. एकटी मूळ संख्याही चालते, एकटीचाही गुणाकारच धरायचा, असं पुस्तकातच सांगितलेलं असतं. सत्तेचाळीसने लिहिलं होतं: कुठलीही संख्या घ्या. तिच्याखालच्या सगळ्यांचं झालं आहे असं माना. आता ती स्वतः मूळ असेल तर काम झालं. नसेल तर तिचे दोन लहान तुकडे पडतील. ते खालच्या मजल्यांवरचे आहेत, त्यांचं झालेलंच आहे. म्हणून हिचंही झालं.

बाईंनी दोन हा आकडा घेतला. सगळ्यात खालचा. त्याच्याखाली कुणी नाही, म्हणजे आधाराला कुणी नाही. मग त्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येतं का? त्या एकेक ओळ बोट ठेवून खाली आल्या. दोन मूळ आहे. काम झालं. तिथेच, त्याच वाक्यात. तळमजला तिच्या उत्तराच्या पोटातच होता. वेगळा लिहायची गरजच नव्हती.

त्यांनी पुन्हा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा. मग पेन खाली ठेवलं.

असं उत्तर पुस्तकांत असतं. यजमानांच्या टिपणांतही होतं, त्यांच्या तिरप्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून. बाईंना ते माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी वाचलंच नव्हतं. ज्या एका वहीची त्या आठवडाभर वाट बघायच्या, ती त्यांनी उपाशीपोटी, विसाचा आकडा पुरा करायचा म्हणून, न वाचता मिटली होती. देव्हाऱ्याकडे बघवेना. व्रत पाळायचं म्हणून पाळलं होतं, आणि ज्याच्यासाठी पाळायचं तेच बाजूला राहिलं होतं.

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. फोन करता येत नव्हता. जावेला सांगून तिच्याकडून फोन करवावा म्हटलं तरी तिला सांगायला बोलावंच लागणार. बाईंनी कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहिला: क्रमांक सत्तेचाळीस, चौथी वही, तेराऐवजी पंधरा, एकूण एकोणचाळीसऐवजी एक्केचाळीस. खाली सही केली, तारीख घातली. कागद पुढे करायचा, मान हलवायची, परत यायचं. बोलायचं काम नाही. तेवढ्यापुरतं त्यांना हलकं वाटलं.

बारापूर्वी त्या कित्येक वर्षांत घराबाहेर पडल्या नव्हत्या. बस अर्धी रिकामी होती. खिडकीतून दिसणारं सगळं ओळखीचं असूनही दुसऱ्याच कुणाच्या शहरातलं वाटत होतं: दुकानांची शटरं वर जात होती, एक माणूस काचेवर साबण फासत होता, एक बाई मोबाइल कानाला लावून हसत होती. सगळे बोलत होते. सकाळी माणसं इतकं बोलतात, हे बाई विसरूनच गेल्या होत्या. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, रुग्णालयाचा थांबा गेला का. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. त्याला वाटलं त्यांना ऐकू येत नाही, म्हणून त्याने तेच मोठ्याने विचारलं.

केंद्र चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्ट चालू होती. बाई आत शिरल्या, दार बंद झालं आणि त्या एकट्या वर निघाल्या. आकडे एकेक करून उजळत गेले. पेटीवर एक छोटी पाटी होती, शेवटची तपासणी अमुक तारखेला झाली अशी, आणि खाली कुणाची तरी न वाचता येणारी सही. सत्तेचाळीसची नसेल. असायला काही कारण नव्हतं. तरी बाई वर पोचेपर्यंत त्या सहीकडेच बघत राहिल्या.

गुणांच्या खिडकीत एक कारकून होता, आणि त्याच्यामागे संगणकावर एक बाई. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. तपासनिसबाईंनी अर्ज पुढे सरकवला. कारकुनाने सही वाचली, वर बघितलं, आणि त्याचा चेहरा खुलला. मागे वळून तो म्हणाला की अगं, या बघ, आपल्या पाया मॅडम. संगणकावरच्या बाईने मान वाकडी करून बघितलं. मुलं तुम्हाला तेच म्हणतात मॅडम, असं त्याने सांगितलं, रागावू नका, प्रेमानेच म्हणतात. बरेचसे प्रेमाने. बाईंनी अर्जावर बोट ठेवलं.

त्याने अर्ज वाचला आणि परत सरकवला. लेखी चालत नाही, म्हणाला. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी तपासनिसाच्या सहीच्या खोट्या चिठ्ठ्या आणून गुण बदलून घेतले होते, तेव्हापासून नियमच झाला. तपासनिसाने स्वतः यायचं, जुना गुण, नवा गुण आणि बदलाचं कारण तोंडाने सांगायचं, दोघांनी ऐकायचं, मग दोघांनी सही करायची. तो खुर्चीत मागे टेकला आणि वाट बघायला लागला.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे दाखवलं. त्याला कळेना. घसा बसलाय का, त्याने विचारलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मागच्या बाईला कळलं बहुतेक, कारण ती हळूच म्हणाली की काहींचं मौन असतं. कारकून अवघडला. वाईट वाटून म्हणाला की मग बारानंतर या, पण यादी बाराला जाते, ती काही आमच्या हातात नाही. यादी वरच्या कचेरीतून संगणकावर ओढून घेतात, इथे दिसायलाच बंद होते.

बाई खिडकीसमोर उभ्या राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकलेला दिसायचा, सरकताना दिसायचा नाही. सोळा वर्षं. यजमान गेले त्या सकाळीसुद्धा त्या बोलल्या नव्हत्या. साडेआठला ते गेले, आणि बारापर्यंत बाई त्यांच्या हातावर हात ठेवून गप्प बसून होत्या, कारण तेही गप्पच होते. ती सकाळ या सोळा वर्षांत होती. त्या सोळा वर्षांना हात लावायचा म्हणजे त्या सकाळीलाही हात लावायचा.

आणि कुठेतरी कुठल्या तरी इमारतीत एक बाई लिफ्टच्या पेटीबाहेर उभी होती. तक्रार करत नाही, असं तिने लिहिलं होतं. तुम्ही बरोबरच असाल.

बाईंनी डोळे मिटले. देवाची क्षमा मागितली, मग यजमानांची. मग डोळे उघडले.

“क्रमांक सत्तेचाळीस,” त्या म्हणाल्या. आवाज घोगरा आला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. “एकोणचाळीस लिहिलेत. ते एक्केचाळीस करा. चूक माझी आहे.”

मग संगणकावरच्या बाईची बोटं चालू लागली. कारकुनाने नोंदवही ओढली आणि कारण विचारलं. विचारता विचारता तोच म्हणाला की बेरजेत चूक असं लिहितो, सगळे तेच लिहितात.

“नाही,” बाई म्हणाल्या. “तिचं उत्तर पूर्ण होतं. मी वाचलं नव्हतं. असंच लिहा.”

त्याने पेन थांबवलं. आवाज खाली आणून समजावलं, की मॅडम, ‘न वाचता गुण दिले’ अशी नोंद गेली तर पुढच्या सत्रात तुमच्याकडे वह्या येणार नाहीत. नियम आहे. पूर्ण सत्र. शिवाय या कारणाची प्रत त्या विद्यार्थ्यालाही जाते. बेरजेत चूक म्हटलं तर काहीच होत नाही, तिचे गुण तेवढेच वाढतात. तो मनापासून सांगत होता. मागच्या बाईनेही मान डोलावली.

बाईंना सोमवार दिसला. गठ्ठेवाला नाही, दाराशी वाजलेली बेल नाही, टेबलावर वह्यांची चळत नाही. मौन असेल, पण त्यात वाचायलाही कुणी नसेल. त्या हे सगळं बघून मग बोलल्या.

“मौन मोडून खोटं बोलू का मी?”

कारकुनाने लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. त्याने पडदा वळवून दाखवला: सत्तेचाळीस, एक्केचाळीस, पात्र. बाईंनी हात जोडले. आभाराचा शब्द ओठांवर आला होता, पण उरलेली एकोणीस मिनिटं तरी पाळावीत म्हणून तो त्यांनी गिळला. कारकुनाला ते कळलं असावं. तोही काही न बोलता उठून उभा राहिला.

घरी यायला एक वाजला. कुलूप उघडताना आत फोन वाजत होता. जाऊ घाबरून गेली होती. सव्वाबारापासून सहा वेळा फोन केला, म्हणाली, शेजारी कुणाचा नंबरही नाही माझ्याकडे, माणसाने काय समजायचं. बाई चपला न काढताच खुर्चीत बसल्या.

“अगं, आज मी सकाळी बोलले.”

जावेने इतकी वर्षं या व्रताची चेष्टा केली होती, पण आता तिला हसता येईना. मग तिने विचारलं, कुणाशी. खिडकीशी, बाई म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. जाऊ ऐकत राहिली. शेवटी म्हणाली की म्हणजे सोळा वर्षं गेली ना हो ताई. आता उद्या काय करणार?

“उद्या गप्प बसेन.”

“पण ते पहिलं तर मोडलं.”

फोन ठेवल्यावर बाईंनी चपला काढल्या आणि टेबलाशी जाऊन बसल्या. त्या दिवशी वीस वह्या नव्हत्या, सत्राचं तपासणं संपलं होतं, शंकांचे कागद तेवढे होते. प्रत्येक कागद त्यांनी दोनदा वाचला. सत्तेचाळीसच्या कागदावर उत्तर लिहिलं: ‘वेगळं काही सिद्ध करायला नको होतं. तुमचं बरोबर आहे.’ आणखी काही लिहावं असं वाटलं, पण तपासनिसाने उत्तराशिवाय काही लिहायचं नाही असा नियम होता. जेवायला साडेपाच झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या आणि पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. मौन धरायचं म्हणजे नक्की काय धरायचं, हे त्यांना उमगेना. इतके दिवस प्रत्येक सकाळ आदल्या सकाळीवर उभी होती, आणि ती तिच्या आदल्या सकाळीवर, अशी थेट खाली, पाटी घेऊन बसलेल्या यजमानांपर्यंत. आता मध्येच एक मजला नव्हता. मग त्या लिफ्टवालीचं वाक्य आठवलं. तळमजल्याखाली कुणी नाही. आजच्या दिवसाला खाली आधार नव्हता, तर त्याने आपल्या पायावर उभं राहायचं, दुसरं काय. बाई गप्प राहिल्या. बारा वाजले. सोळा वर्षं काही परत आली नाहीत, आणि बाईंनी ती मागितलीही नाहीत.

सत्र संपलं. नव्या सत्राच्या पहिल्या सोमवारी गठ्ठेवाला आला नाही. दुसऱ्याही सोमवारी आला नाही. बाईंनी टेबल पुसलं, यजमानांची टिपणं लावली, पुन्हा लावली. पलीकडच्या खोलीचं दार उघडं ठेवून बघितलं, वारा यायचा, बाकी काही फरक पडला नाही. जाऊ म्हणायची की इकडे या चार दिवस. बाई बघते म्हणायच्या आणि जायच्या नाहीत.

तिसऱ्या सोमवारी अकराच्या सुमाराला बेल वाजली. गठ्ठेवाला दारात होता, रिकाम्या हाताने. बाईंचं मौन त्याला वर्षानुवर्षं ठाऊक होतं, त्यामुळे तो नेहमीसारखा दोघांच्या वाटचं एकटाच बोलला. वह्या नाहीत मॅडम, तुम्हाला माहीतच आहे. पण खिडकीवर कुणीतरी हे ठेवून गेलं, तपासनिसांना द्या म्हणून. नियमात बसत नाही, असं खिडकीवरचे साहेब म्हणाले, आणि माझ्या पिशवीत टाकून दुसरीकडे बघायला लागले. त्याने घडी घातलेला कागद दिला आणि गेला.

कागद दोन पानांचा होता. कडेला ग्रीसचं बोट उमटलं होतं. वर क्रमांक नव्हता.

‘परीक्षा झाली. निकाल यायचा आहे. मधे मला तुमच्या कारणाची प्रत मिळाली. खाली एक सिद्धता लिहिली आहे. एका इमारतीत तीन लिफ्ट असतील तर कुणालाही कायमचं ताटकळत राहावं लागू नये, यासाठी पेटीतल्या प्रोग्रॅमने कुठला नियम पाळायला हवा, त्याची. हे अभ्यासक्रमात नाही. गुण नकोत. वाचाल का?’

बाई टेबलाशी बसल्या. बारा वाजायला तास होता, आणि त्या दिवसाला वीस वह्या नव्हत्या, एकच होती. त्यांनी पहिली ओळ वाचली, मग तिच्यावर बोट ठेवून परत वाचली. सत्तेचाळीसने अगदी वर, चौकट आखून, तळमजला वेगळा सिद्ध केला होता. इथेही त्याची गरज नव्हती. बाईंच्या तांबड्या पेनाने तिला ती सवय लावून ठेवली होती.

तांबडं पेन ड्रॉवरमध्ये होतं. बाईंनी शिसपेन्सिल घेतली, आणि दुसऱ्या ओळीवर आल्या.